तुतीच्या मळ्यापासून पैठणीच्या पदरापर्यंत

परतूर तालुक्यातील शेतकरी आपले रेशीमकोष जाळीच्या पिशव्यांत भरून जालन्याच्या बाजारात नेतो, लिलाव होतो, काटा होतो आणि पैसे खात्यावर जमा होतात. आपले काम येथेच संपले, असे त्यास वाटते. तिकडे गोदावरीकाठी पैठणास विणकर मागावर बसतो व बंगळूरहून आलेल्या रेशमाची लडी उलगडतो. हे रेशीम कोणाच्या मळ्यातील पाल्यावर पोसले गेले, हे त्यास ठाऊक नसते. कोष पिकविणारा शेतकरी व पदर विणणारा कारागीर हे दोघेही मराठवाड्यातीलच. दोघांमध्ये एका दिवसाच्या प्रवासाइतकेही अंतर नाही. तरीही एकाचा माल दुसऱ्याकडे सरळ जात नाही, व या आडवळणात दोघांचेही नुकसान होते.

पारंपरिक कारागिरास प्रशिक्षण द्यावे, त्याच्या मालास परदेशची पेठ मिळवून द्यावी, असे आपण नेहमी ऐकतो. हा विषय उद्योग खात्याचा, त्यात शेतकऱ्याचा व ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याचा संबंध काय, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. प्रस्तुत लेखाचा हेतू एवढाच की, हा संबंध किती जवळचा आहे हे दाखवावे आणि आपल्या हातून काय होण्यासारखे आहे याचा विचार करावा.

परदेशची पेठ नवी नव्हे

पैठण म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, सातवाहनांची राजधानी. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषी व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस' या समुद्रप्रवासाच्या पुस्तकात पैठण व तगर या दोन पेठांचा उल्लेख आहे. तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातील तेर. पैठणहून मौल्यवान दगड व तगरहून साधे कापड आणि मलमल गाड्यांतून भडोचच्या बंदरास जात व तेथून गलबतांवर चढत, असे त्यात नमूद आहे. म्हणजे आपल्या भागातील कारागिरांचा माल दोन हजार वर्षांपूर्वीच समुद्रापार विकला जात होता. त्या काळीही मालाची प्रत राखणारा कारागीर, तो वेळेवर बंदरास पोहोचविणारा गाडीवान व विश्वासाने खरेदी करणारा व्यापारी हे तिघे एका साखळीत होते, म्हणूनच हे शक्य झाले.

पैठणीचे वैशिष्ट्य तिच्या विणण्यात आहे. पदरावरील मोर, कमळ, मुनिया किंवा असावलीची वेल ही छापलेली नसते, भरतकामाने काढलेलीही नसते. विणकर निरनिराळ्या रंगांच्या रेशमाच्या व जरीच्या लहान लहान कांड्या हाताने उभ्या धाग्यांतून ओवीत जातो. एका रंगाचा धागा जेथे संपतो तेथे तो शेजारच्या रंगाच्या धाग्यात अडकविला जातो. त्यामुळे पदर उलटा केला तरी नक्षी सुलट बाजूसारखीच दिसते, मागे लोंबते धागे राहत नाहीत. साध्या नक्षीच्या साडीस काही आठवडे लागतात, भरगच्च पदराच्या साडीस कित्येक महिने, क्वचित वर्षाहूनही अधिक काळ लागतो. आज हे विणकाम मुख्यतः पैठण व नाशिक जिल्ह्यातील येवला येथे चालते. पैठण येथे महाराष्ट्र लघु उद्योग विकास महामंडळाचे पैठणी केंद्र असून तेथे मागावरचे विणकाम पाहावयास मिळते व शिकविलेही जाते.

'पैठणी साड्या व वस्त्रे' यांची २०१० साली भौगोलिक मानांकनाच्या नोंदवहीत नोंद झाली. यंत्रमागावर काढलेल्या नकला त्यानंतरही बाजारात थांबल्या नाहीत. नक्कल थोड्या वेळात तयार होते, थोड्या किमतीत विकली जाते, आणि अजाण गिऱ्हाइकास फरक कळत नाही. हातमागावर महिनोन्महिने बसणाऱ्याची मजुरी मग त्याच स्वस्त किमतीशी ताडली जाते. कारागिराची मुले दुसरा व्यवसाय पाहू लागतात. एकदा हात सुटला की ही कला पुस्तकातून परत शिकता येत नाही. देशात हातमागावर किती जणांचे पोट आहे, हे २०१९-२० च्या चौथ्या हातमाग गणनेवरून दिसते. त्या गणनेत विणकर व पूरक काम करणारे मिळून ३५ लाखांहून अधिक लोक आढळले व त्यांत स्त्रियांचे प्रमाण सुमारे ७२ टक्के होते.

कोष चांगला तर धागा चांगला

आता आपल्या शेताकडे वळू. परतूर तालुका १ मे १९८१ रोजी परभणी जिल्ह्यातून नव्या जालना जिल्ह्यात आला. कापूस, सोयाबीन, तूर ही येथील नेहमीची पिके. अलीकडच्या वर्षांत जालना जिल्ह्यात तुतीच्या मळ्यांनी चांगले मूळ धरले आहे. पूर्वी येथील शेतकऱ्यास कोष विकण्यासाठी कर्नाटकातील रामनगरमपर्यंत जावे लागे. भाडे, जागरण व वाटेत कोष खराब होण्याची धास्ती हे सर्व त्याच्या माथी असे. एप्रिल २०१८ मध्ये जालन्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत कोषांची खुली बाजारपेठ सुरू झाली व ही पायपीट पुष्कळशी वाचली.

परंतु बाजार जवळ आला म्हणजे मालाची प्रत आपोआप सुधारत नाही. रेशमाचा धागा कसा होतो हे समजून घेतल्यास प्रतीचे महत्त्व लक्षात येईल. अळी आपल्या तोंडातून एक अखंड तंतू सोडीत स्वतःभोवती कोष विणते. दुबार संकरित जातीच्या चांगल्या कोषात हा तंतू सुमारे हजार मीटर लांब असतो. गरम पाण्यात कोष मऊ करून आठ-दहा कोषांचे तंतू एकत्र ओढले म्हणजे कच्च्या रेशमाचा एक धागा होतो. कोष पातळ, डागाळलेला किंवा दोन अळ्यांनी मिळून विणलेला असेल तर तंतू मध्येच तुटतो, धाग्यात गाठ पडते व जाडी कमीजास्त होते.

त्या गाठीची किंमत कोण देतो? पैठणच्या एका मागावर मी घटकाभर बसलो होतो. विणणाऱ्या बाई पदराच्या मोराशी आल्या असता उभा धागा तुटला. त्यांनी काम थांबविले, तुटलेले टोक शोधले, जोड दिला, फणीतून पुन्हा ओवून घेतले व मगच पुढील कांडी हाती घेतली. "साहेब, मोर विणायला मला कंटाळा येत नाही, पण दिवसातून वीसदा धागा जोडावा लागला की त्या दिवसाची मजुरी जोडण्यातच गेली समजा," असे त्या म्हणाल्या. हा धागा कोणत्या गावच्या कोषाचा होता हे त्यांना सांगता येत नव्हते व मलाही सांगता येत नव्हते. पण तो कोण्यातरी शेतकऱ्याने घाईने उतरविलेल्या कोषाचा असावा, असे मनात आल्यावाचून राहिले नाही.

हिशेबानेही हेच दिसते. शंभर अंडीपुंजांपासून ६५ किलो कोष निघाले असे धरू. कोष उत्तम असतील तर साधारण साडेसहा किलो कोषांस एक किलो कच्चे रेशीम मिळते, म्हणजे एकूण १० किलो. तेच कोष हलके असले व एक किलो रेशमास ८ किलो कोष लागले, तर हाती जेमतेम ८ किलो येते. दोन किलो रेशीम पाल्यावर, मजुरीवर व जागरणावर खर्च होऊनही नाहीसे झाले. कच्च्या रेशमातील डिंकासारखा भाग धुऊन काढल्यावर वजन सुमारे चतुर्थांशाने घटते, हे वेगळेच. लिलावातील खरेदीदार हा हिशेब तोंडी करूनच बोली लावतो. तेव्हा 'भाव पडला' असे म्हणण्यापूर्वी शेतकऱ्याने आपल्या ढिगाऱ्यातील कोष हातात घेऊन पाहावा.

संगोपनातील काही मुद्दे

यासाठी पुढील गोष्टींकडे विशेष लक्ष द्यावे.

पहिली गोष्ट पाण्याची. तुतीस उसाइतके पाणी लागत नाही हे खरे, पण पाण्यावाचून पाला येत नाही हेही तितकेच खरे. ज्या विहिरीचे पाणी मार्चअखेर आटते तिच्यावर दोन एकर तुती लावण्यापेक्षा एक एकर नीट जोपासावी. व्ही-१ ही म्हैसूरच्या केंद्रीय संशोधन संस्थेने काढलेली जात बागायतीस चांगली. पट्टा पद्धतीने ५ बाय ३ बाय २ फुटांवर लागवड केली म्हणजे मशागत व पाला कापणी सोपी जाते. निचरा न होणाऱ्या चोपण जमिनीत मात्र तुती लावू नये.

दुसरी गोष्ट घराची. अळीस २४ ते २८ अंश सेल्सिअस उष्णता मानवते, आणि आपल्याकडे वैशाखात पारा ४२ अंशांपर्यंत चढतो. म्हणून संगोपनगृह पूर्व-पश्चिम लांबीचे बांधावे, भोवती सावली असावी, छपरावर गवत किंवा पाचट टाकून पाणी शिंपडावे व खेळती हवा राहील अशा खिडक्या ठेवाव्यात. खिडक्यांना जाळी नसेल तर उझी माशी आत शिरून अळीवर अंडी घालते. लहान अळीस आर्द्रता अधिक, मोठ्या अळीस बेताची लागते. मोठ्या अळीच्या वेळी घर दमट राहिले तर रोग बळावतात.

तिसरी गोष्ट स्वच्छतेची. प्रत्येक पिकापूर्वी व पिकानंतर घर, रॅक व चंद्रिका यांचे निर्जंतुकीकरण करावे. रोगट अळ्या उकिरड्यावर न टाकता चुन्यासह खोल पुरून टाकाव्यात. पहिल्या दोन अवस्थांची बाल्यअळी अनुभवी चॉकी केंद्रातून घेणे नवख्या शेतकऱ्यास अधिक श्रेयस्कर होय.

चौथी गोष्ट फवारणीची, आणि आपल्या तालुक्यात ही सर्वांत मोठी. माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षी एका शेतकऱ्याचे सबंध पीक शेवटच्या अवस्थेत, कोषावर जाण्यास तीन-चार दिवस उरले असता, एका रात्रीत गेले. रोगाची लक्षणे दिसेनात. मागाहून कळले की वाऱ्याच्या बाजूस असलेल्या कापसावर शेजाऱ्याने सकाळी कीटकनाशक फवारले होते व दुपारी त्याच बांधालगतच्या तुतीचा पाला अळ्यांपुढे पडला होता. शेजाऱ्याचा हेतू वाईट नव्हता, कोणी त्यास सांगितलेच नव्हते. सांगावयास हवे होते ते मीही सांगितले नव्हते, ही खंत आजही वाटते. तेव्हापासून ज्या गावात तुती आहे त्या गावात फवारणीच्या हंगामापूर्वी बांधशेजाऱ्यांची बैठक घेण्याचा परिपाठ मी ठेवला आहे. तुती शक्यतो कापसाच्या वाऱ्याआड लावावी, बांधालगतच्या दोन ओळींचा पाला त्या काळात वापरू नये, आणि शंका आल्यास थोड्या अळ्यांना आधी पाला घालून पाहावा.

पाचवी गोष्ट उतरणीची. अळी कोष विणू लागल्यापासून सहाव्या-सातव्या दिवशी, आतील कोशित अवस्था घट्ट झाल्यावर कोष उतरवावेत. घाईने चौथ्या दिवशी उतरविल्यास आतील नाजूक किडा फुटून कोष आतून डागाळतो. दुहेरी, पातळ व डागी कोष वेगळे काढावेत. माल रात्रीच्या गारव्यात, सैल भरलेल्या जाळीच्या पिशव्यांतून न्यावा. प्लॅस्टिकच्या पोत्यात कोंडलेला कोष घामेजतो व उतरतो.

मधला दुवा

इतके करूनही शेतकरी बाजारात कमकुवत राहतो, याचे एक नैसर्गिक कारण आहे. कोष उतरविल्यावर थोड्याच दिवसांत आतील पतंग कोष फोडून बाहेर येतो व कोष ओढकामास निकामी होतो. कापूस घरात ठेवून भावाची वाट पाहता येते, ओला कोष तसा ठेवता येत नाही. आज विकला नाही तर उद्या वजन घटते. खरेदीदारास हे ठाऊक असते. परंतु गरम हवेच्या यंत्रात कोष वाळविले म्हणजे आतील किडा मरतो व तो माल काही महिने टिकतो. म्हणून एकट्याने नव्हे तर गटाने वाळवणी यंत्राची सोय करणे, ही भावाची बाजू सावरण्याची पहिली पायरी होय.

दुसरी पायरी म्हणजे धागा ओढण्याची व त्यास पीळ देण्याची. जालन्याच्या बाजारात परराज्यांतील धागा ओढणारेही खरेदीस येतात. कोष तिकडे जातो, त्याचा धागा होतो, रंगतो व पुन्हा महाराष्ट्रातील मागावर येतो. प्रत्येक टप्प्यावर भाडे व नफा चढतो. धागा ओढणे, पीळ देणे व रंगविणे ही कामे आपल्याच भागात झाली तर कोषाची मागणी वाढेल, विणकरास धागा जवळून मिळेल व गावातील तरुणतरुणींस कौशल्याचे काम मिळेल. हे आज लिहिले व उद्या झाले असे होणार नाही. पैठणीच्या उभ्या धाग्यास लागणारी प्रत एका खेपेत साधत नाही, त्यास पाण्याची परीक्षा, यंत्राची जाण व हाताचा सराव लागतो. म्हणून येथे प्रशिक्षण आधी व यंत्र नंतर, हा क्रम पाळावा. यंत्र आधी आले व हात तयार नसला तर ते यंत्र गंजत पडते, असा अनुभव पुष्कळ ठिकाणी आलेला आहे.

प्रशिक्षण कोठे मिळेल

तुती व संगोपनासाठी जिल्हा रेशीम कार्यालय, खरपुडी येथील कृषी विज्ञान केंद्र व परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातील रेशीम संशोधन योजना ही आपली जवळची ठिकाणे. राज्याचे रेशीम संचालनालय नागपूर येथे असून ते १९९७ पासून कार्यरत आहे. धागा ओढणे व वस्त्रप्रक्रिया यांसाठी केंद्रीय रेशीम मंडळाची तंत्र संशोधन संस्था बंगळूर येथे आहे. विणकरांसाठी केंद्र सरकारने १९५६ पासून विणकर सेवा केंद्रे उघडली. महाराष्ट्रात अशी केंद्रे मुंबई व नागपूर येथे असून तेथे नवे नमुने, रंगकाम व मागातील सुधारणा शिकविल्या जातात. राज्याच्या २०२३ ते २०२८ या काळासाठीच्या वस्त्रोद्योग धोरणात पैठणी, हिमरू, करवत काठी, घोंगडी व खण या पारंपरिक वस्त्रांचा विशेष विचार केलेला आहे.

गावात लोहार, सुतार, कुंभार, चर्मकार, शिंपी, टोपल्या विणणारे असे इतरही कारागीर असतात. त्यांच्यासाठी १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसायांचा समावेश आहे. त्यात पाच ते सात दिवसांचे प्राथमिक प्रशिक्षण, प्रशिक्षणकाळात दररोज ५०० रुपये विद्यावेतन, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत साहाय्य व पाच टक्के दराने कर्ज अशी तरतूद आहे. हातमाग विणकर या १८ व्यवसायांत येत नाही, त्यास हातमाग विकास आयुक्तांच्या योजनांकडे पाठवावे व त्याच्याकडे विणकर ओळखपत्र आहे की नाही हे पाहावे. चुकीच्या दारी पाठविलेला कारागीर एकदा हात हालवीत परतला की पुन्हा कार्यालयाची पायरी चढत नाही, हे कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे. तुती लागवडीस रोजगार हमीच्या कामांतून पूर्वी मजुरीचा आधार मिळत आला आहे. चालू वर्षाचे नियम तालुका कार्यालयात विचारूनच शेतकऱ्यास शब्द द्यावा.

परदेशच्या गिऱ्हाइकाच्या अटी

परदेशच्या पेठेविषयी बोलताना आपण बहुधा किमतीचीच गोष्ट करतो. तेथील अटींची गोष्ट कमी होते. १९९४ साली जर्मनीने काही ॲझो रंगांवर निर्बंध घातले, कारण त्यांपासून कर्करोगास कारण होणारी द्रव्ये सुटतात. भारतातील कापड निर्यातदारांस त्याचा मोठा धक्का बसला. १९९७ मध्ये आपल्या सरकारनेही अशा रंगांवर बंदी घातली. म्हणून निर्यातीचे सूत कोणत्या रंगाने रंगविले, तो रंग कोठून घेतला, याची पावती विणकरापाशी असलीच पाहिजे. रंग पक्का आहे की धुण्यात सुटतो, याची परीक्षा माल पाठविण्यापूर्वी व्हावी.

दुसरी अट खरेपणाची. केंद्रीय रेशीम मंडळाने २००४ साली 'सिल्क मार्क' व हातमागासाठी सरकारने २००६ साली 'हँडलूम मार्क' सुरू केला. पहिल्याने रेशीम शुद्ध असल्याची व दुसऱ्याने कापड हातमागाचे असल्याची खूण पटते. भौगोलिक मानांकन गावाच्या व कलेच्या नावाचे रक्षण करते. परंतु मानांकन झाले म्हणजे प्रत्येक विणकरास आपोआप त्याचा लाभ मिळतो असे नाही. त्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून आपले नाव नोंदवावे लागते. तसेच येथील नोंद येथील कायद्यापुरती असते, परदेशात तिचे रक्षण वेगळे मिळवावे लागते.

कोल्हापुरी चपलेचे उदाहरण या बाबतीत ताजे आहे. जून २०२५ मध्ये इटलीतील मिलान शहरी प्राडा या बड्या कंपनीच्या प्रदर्शनात कोल्हापुरीसारख्या वहाणा दिसल्या, पण कोल्हापूरचे नाव कोठेच नव्हते. येथून आक्षेप गेल्यावर कंपनीने मूळ प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचे मान्य केले. डिसेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी तिचा करार झाला व येथील कारागिरांकडून सुमारे २,००० जोड तयार करून घेण्याचे जाहीर झाले. नाव नोंदलेले होते, कारागीर एका महामंडळाच्या छत्राखाली होते, म्हणून बोलावयास आधार मिळाला. विखुरलेल्या कारागिराचे म्हणणे मिलानपर्यंत पोहोचले नसते.

तिसरी अट वेळेची व मापाची. परदेशातील गिऱ्हाईक नऊवारी नेसत नाही. त्यास उपरणे, स्कार्फ, उशीचा अभ्रा, भिंतीवर लावण्याचा पट्टा अशा वस्तू हव्या असतात. विणकरास अशा लहान वस्तूंचा एक लाभही आहे. त्याचे भांडवल वर्षभर एका पदरात अडकून पडत नाही. मात्र एकाच मापाचे पन्नास नग ठरल्या तारखेस देणे हे एका मागाचे काम नव्हे, तेथे गट हवा.

पहिली पावले मात्र अवघड नाहीत. निर्यातीसाठी परकीय व्यापार महासंचालनालयाचा आयात-निर्यात संकेतांक घ्यावा लागतो. चेन्नईची हातमाग निर्यात परिषद १९६५ पासून व भारतीय रेशीम निर्यात परिषद १९८३ पासून प्रदर्शने व गिऱ्हाइकांची गाठ घालून देण्याचे काम करतात. सरकारचे हस्तकला व हातमाग निर्यात महामंडळ १९५८ सालचे, ते बंद करण्याचा निर्णय २०२१ मध्ये झाला. तेव्हा जुन्या पुस्तिकांतील त्याच्या पत्त्यावर विसंबू नये. लहान पार्सलासाठी टपाल खात्याने २०२२ पासून डाकघर निर्यात केंद्रे उघडली असून कागदपत्रांचे काम तेथेच करता येते. पहिला माल थोडा पाठवावा, रक्कम आगाऊ घ्यावी किंवा बँकेच्या हमीपत्रावर व्यवहार करावा, व ओळख पटल्याखेरीज उधारीवर माल सोडू नये.

परदेशी बाजार हा वळवाच्या पावसासारखा असतो, हेही विसरू नये. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरील आयातकर ५० टक्क्यांपर्यंत वाढविला, पुढे त्यात बदल झाले. ज्यांचा सर्व माल त्या एकाच देशास जात होता त्यांची तारांबळ उडाली. शेतकरी सबंध शेतात एकच पीक घेत नाही, तसेच कारागिरानेही सर्व माल एकाच दारी लावू नये. पुणे, मुंबई व आपल्या लग्नसराईचे गिऱ्हाईक हा पाया, आणि निर्यात हा त्यावरील मजला समजावा.

ग्राम-कार्यकर्त्यांस चार शब्द

२ ऑक्टोबर १९५२ रोजी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला तेव्हापासून गावच्या कार्यकर्त्याकडे शेती व ग्रामोद्योग ही दोन्ही अंगे सोपविलेली आहेत. पुढे खाती वेगळी झाली, पण गाव वेगळे झाले नाही. म्हणून या हंगामात तीन कामे अवश्य करावीत. आपल्या गावातील तुती उत्पादकांची व कारागिरांची यादी तयार करावी व प्रत्येकाच्या नावापुढे त्यास कोणती नेमकी अडचण आहे ते लिहावे. फवारणीपूर्वी बांधशेजाऱ्यांची बैठक घ्यावी. आणि वर्षातून एकदा तुती उत्पादकांना पैठणचा माग दाखवावा.

या शेवटच्या कामास खर्च थोडा व उपयोग मोठा आहे. मागील खेपेस आम्ही काही शेतकऱ्यांस तेथे नेले. एका वयस्क शेतकऱ्याने पदराचा मोर उलटसुलट करून पाहिला, मग मागावरच्या धाग्यातील एक बारीकशी गाठ बोटाने चाचपली व काही बोलले नाहीत. परतताना गाडीत ते म्हणाले, "आपण डागी कोष चांगल्यात मिसळतो, ते त्या बाईच्या बोटांना लागते." पुढील पिकास त्यांनी डागी कोष वेगळे काढून आणले व ढीग लहान झाला तरी तसाच लिलावास मांडला.

प्रशिक्षणाचे वर्ग, पुस्तिका व योजना यांचा उपयोग आहेच. परंतु आपल्या मालाचा पुढे कोणाच्या हाती काय उपयोग होतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले, त्यास प्रतीविषयी दुसऱ्याने सांगावे लागत नाही. परतूरच्या शेतकऱ्याने कोष निवडून काढावा, मधल्या हातांनी धागा एकसारखा ओढावा व पैठणच्या विणकराने तो न तुटता पदरात उतरवावा. मग त्या पदराची घडी मुंबईस उलगडो वा मिलानला, तिच्या किमतीतील योग्य वाटा आपल्या मळ्यापर्यंत मागण्याचा अधिकार आपणास राहील.